अम्माची बोटं, बाळंतवारा आणि एका संशोधक बाईंचा प्रश्न

पूर्वभाग

नमस्कार मंडळी, पूर्वभाग बोलतोय.

एरवी मी इथे शेंगाचटणी, यंत्रमाग आणि नळाला पाणी किती दिवसांनी आलं एवढ्यावरच लिहितो. आजचा विषय माझ्या इलाख्यातला नाही. टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिणारा माणूस मी. चुकेन तिथे डॉक्टर मंडळींनी कान धरावा.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागातलं. घरात तेलुगू, गल्लीत मराठी. वडील मागावर, अम्मा बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. मजुरी हजारावर. या कामाला बोटांची टोकं लागतात, आणि अक्काच्या जन्मानंतर चार महिन्यांत अम्माची तीच गेली. सकाळी उठल्यावर मूठ वळायची नाही. ऊन पाण्यात हात बुडवून बसायची. दहा वाजता बोटं जरा सैल व्हायची, मग हजार कुठला पुरा होणार? नानम्मानं, म्हणजे वडिलांच्या आईनं, निदान केलं, "बाळंतपणात वारं लागलं." कानाला फडकं बांधलं नाही, गार पाण्यात हात घातला, असं काय काय. उपाय म्हणजे शेक आणि ओव्याची धुरी.

मग १९८३ साली मी पोटात राहिलो. अम्मा सांगते, चौथ्या महिन्यापासून बोटं मोकळी झाली. सातव्यात तर ती पूर्वीसारखा हजार पुरा करायची. मी जन्मलो, बारसं झालं, आणि तीन महिन्यांत बोटं पुन्हा सुजली, या खेपेला मनगटांसकट. तीन वर्षांनी नंदू. त्याच्या वेळी आराम पडलाच नाही. नऊ महिने दुखतच राहिलं आणि पुढे बोटं करंगळीकडे वळली ती वळलीच. घरात निकाल लागला: मोठा पायगुणाचा, धाकट्यानं आईचे हात खाल्ले. नंदूनं हे वाक्य आयुष्यभर ऐकलंय. बारशात, लग्नात, भांडणात. कुणी दुष्टपणानं म्हणायचं असं नाही, म्हणायची सवयच पडली.

विषय आत्ता निघायचं कारण अक्काची मुलगी. वय २८, तिलाही रुमॅटॉइड आमवात निघाला, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो. पुण्यात औषध चालू आहे, मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदा. हात ठीक आहेत. लग्नाला दोन वर्षं झाली, आणि घरातल्या बायका तिला सांगतायत, "गोळ्या सोड, पोर होऊ दे, आपोआप बरं होतं. अम्मम्माला झालं होतं की!" मी पोटात असताना अम्माची बोटं मोकळी झाल्याची गोष्ट आता औषधाच्या जागी वापरली जातेय. म्हणून वाचायला बसलो.

पहिलं आश्चर्य म्हणजे अम्माचा अनुभव जुना आणि नोंदलेला निघाला. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच नावाचे डॉक्टर होते. कावीळ झाली की आमवाताच्या रोग्यांच्या सांध्यांची सूज उतरते आणि गरोदर बायकांचीही उतरते, हे त्यांनी पाहिलं. १९३८ साली त्यांनी गरोदरपणातल्या आरामावर लेख लिहिला. दोन्ही अवस्थांत शरीर स्वतःच कुठला तरी पदार्थ तयार करत असणार, हा त्यांचा तर्क. त्या पदार्थाच्या मागे लागता लागता १९४८ साली एका रुग्ण बाईला कॉर्टिझोन टोचलं गेलं, आणि अंथरुणाला खिळलेली ती बाई काही दिवसांत चालू लागली. १९५० चं नोबेल हेंच, केंडल आणि राइखस्टाइन यांना मिळालं. आज गल्लीबोळात मिळणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळीचं मूळ कुण्या गरोदर बायकांच्या सुटलेल्या बोटांत आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

दुसरा धागा ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावार यांचा. १९५३ साली त्यांनी विचारलं की मूल अर्धं बापाचं. दुसऱ्याची कातडी लावली तर शरीर ती टाकून देतं, मग आई हा अर्धा परका जीव नऊ महिने कसा सांभाळते? उत्तरं त्यांनी तीन सुचवली. दोघांमध्ये भिंत असेल, गर्भ अजून ओळखण्याइतका पिकला नसेल, किंवा आईची प्रतिकारशक्ती सुस्त पडत असेल. तिन्ही पुढे अपुरी ठरली. प्रश्न मात्र टिकला.

आता मुख्य व्यक्ती. ली नेल्सन. सिएटलच्या फ्रेड हचिन्सन संस्थेतल्या संधिवाततज्ज्ञ. त्यांनी हेंच आणि मेडावार यांचे प्रश्न एकमेकांना जोडले, असं मला वाटतं. गरोदरपणात काही बायकांचा आमवात उतरतो आणि काहींचा नाही, तर फरक *बाळात* आहे का? १९९३ साली त्यांनी ४१ बायकांच्या ५७ गरोदरपणांचा अभ्यास छापला. एचएलए म्हणजे पेशीवरचं ओळखपत्र समजा. मुलाला त्याचा अर्धा भाग बापाकडून मिळतो. तो अर्धा भाग आईच्या ओळखपत्राहून वेगळा असला, तर आराम पडण्याचं प्रमाण जास्त दिसलं. आराम पडलेल्या ३४ गरोदरपणांपैकी २६ मध्ये असा वेगळेपणा होता. रोग चालूच राहिलेल्या १२ पैकी फक्त ३ मध्ये.

हे वाचून मी खुर्चीतून उठलो. एकाच आईबापाची दोन मुलं, पण ओळखपत्राची वाटणी प्रत्येकाला वेगळी येऊ शकते. मला बापाच्या ओळखपत्राचा एक भाग आला असेल, नंदूला दुसरा. यात कसला आलाय पायगुण?

पुढचं काम आणखी चक्रावणारं आहे. बाळाच्या पेशी आईच्या रक्तात जातात आणि तिथेच राहतात. जर्मन पॅथॉलॉजिस्ट श्मोर्ल यांनी १८९३ सालीच, आकडी येऊन दगावलेल्या बाळंतिणींच्या फुप्फुसांत वारेच्या (प्लॅसेंटाच्या) पेशी पाहिल्या होत्या. १९९६ मध्ये डायना बियांची यांच्या गटाला एका बाईच्या रक्तात, मुलगा होऊन २७ वर्षं झाल्यावर, त्याच्या पेशी सापडल्या. नेल्सनबाईंनी विचारलं, या पाहुण्यांचा स्वप्रतिकार आजारांशी, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते अशा आजारांशी, संबंध आहे का? कातडी दगडासारखी होणारा स्क्लेरोडर्मा बायकांना बहुतेक वेळा पोरंबाळं झाल्यावरच्या वयात गाठतो. १९९८ साली त्यांच्या गटानं दाखवलं की मुलगे झालेल्या निरोगी बायकांपेक्षा स्क्लेरोडर्मा झालेल्या बायकांच्या रक्तात मुलाचा डीएनए जास्त आहे.

माझे प्रश्न दोनच. नंदूला मी जे सांगणार आहे ते बरोबर आहे का? आणि भाचीनं काय करावं?

कडकभाकरी

काय बे पूर्वभाग, इतके दिवस हे कुठं लपवून ठेवलं होतंस! अम्मांना नमस्कार सांग. वाचतोय.

निवांत

माहितीपूर्ण. एक शंका. सगळीकडे 'मुलाचा डीएनए' असं का? मुलींच्या पेशी राहत नाहीत का? नाहीतर आमच्याकडची मंडळी लगेच म्हणतील, बघा, मुलगाच आईजवळ राहतो.

सूक्ष्मदर्शी

पॅथॉलॉजिस्ट आहे, पुण्यात. मूळ गाव बार्शी, त्यामुळे धागा सोडवेना.

निवांत, मुलींच्याही राहतात. वाय गुणसूत्र बाईच्या शरीरात मुळात नसतं, म्हणून लाखो पेशींत एखादी असली तरी ते चटकन पकडता येतं. पांढऱ्या तांदळात काळा खडा शोधण्यासारखं. मुलीची पेशी म्हणजे तांदळात तांदूळ. ती एचएलएच्या फरकावरून शोधतात, काम जास्त किचकट. उलट दिशेनंही चालतं. आईच्या पेशी मुलांत मोठेपणीही सापडतात. नेल्सन यांच्याच गटाला २००७ मध्ये मुलग्यांच्या स्वादुपिंडात आईच्या, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी दिसल्या. २०१२ मध्ये मृत्यूनंतर तपासलेल्या ५९ बायकांच्या मेंदूंपैकी ३७ मध्ये पुरुषी डीएनए मिळाला.

आता पूर्वभाग यांचा कान धरतो. १९९३ चा अभ्यास सुंदर आहे, पण लहान आहे. २००० साली दुसऱ्या गटानं तोच संबंध तपासला आणि त्यांना तो दिसला नाही. त्यामुळे तुमच्या आईच्या दोन गरोदरपणांचं स्पष्टीकरण एचएलएनं *झालंच* असं म्हणू नका. दुसऱ्या वेळेपर्यंत रोग जुना झाला होता, सांधे झिजले होते, उपचार शून्य. झिजलेल्या सांध्याचं दुखणं गरोदरपणानं जात नाही. आणि भावाला हे सांगताना जपा. 'तू हात खाल्लेस' च्या जागी 'तुझ्या एचएलएनं हात खाल्ले' असं व्हायला नको!

पूर्वभाग

हे शेवटचं वाक्य वाचून लाज वाटली, कारण मी जवळजवळ तसंच बोलणार होतो. पण मग इतक्या बायकांना आराम पडतो तो कशानं? कॉर्टिझोन वाढतं एवढंच?

सूक्ष्मदर्शी

तेवढंच असतं तर गोष्ट १९५० सालीच संपली असती.

मेडावार यांचा एक अंदाज होता की आई सुस्त पडते. तसं होत नाही. आईची यंत्रणा जागी असते, नुसती वागण्याची रीत बदलते. वारेच्या पेशी नेहमीची ओळखपत्रं झाकून ठेवतात आणि एचएलए-जी नावाचं वेगळं, जवळजवळ सगळ्या माणसांत सारखं असलेलं पत्र दाखवतात. गर्भाशयातल्या मारक पेशी तिथे मारामारी सोडून रक्तवाहिन्या रुंद करायच्या कामाला लागतात. आणि नियामक टी पेशी वाढतात. शिमॉन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या ओळखल्या. त्याच कामासाठी त्यांना ब्रंको आणि रॅम्सडेल यांच्यासह २०२५ चं नोबेल मिळालं. गल्लीत भांडण पेटलं की मधे पडून दोघांना घरी पाठवणारा एक म्हातारा असतो ना, तो हा. २००४ मध्ये उंदरांवर प्रयोग झाला. या पेशी काढून घेतल्या तर परक्या वंशाच्या बापाचे गर्भ टिकत नाहीत, सारख्या वंशाचे टिकतात. गर्भाला सांभाळायला जमवलेल्या या म्हाताऱ्यांचा सांध्यांनाही फायदा होतो, असा आजचा अंदाज आहे. बाळंतपण झालं की ते पांगतात, आणि सांध्यांतलं भांडण पुन्हा सुरू. तुमच्या नानम्मांचा 'बाळंतवारा' तीन-चार महिन्यांनी सुटतो तो बहुधा इथून. निरीक्षण अचूक होतं हो त्यांचं. कारण चुकलं, आणि त्यामुळे औषध चुकलं.

'पोर झालं की बरं होतं' याबद्दल आकडे असे. जुन्या लेखांत चारातल्या तिघींना आराम पडतो असं असायचं. नेदरलँड्समध्ये सांधे मोजून केलेल्या अभ्यासात, रोग चालू असलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना बऱ्यापैकी आराम पडला. प्रसूतीनंतर सुमारे चाळीस टक्के बायकांचा रोग उसळला. म्हणजे भाचीला आराम पडेल का, हे जवळजवळ नाणेफेक. आणि पडला तरी तो पाहुणा.

वैद्यराज७७

आमवातावर एरंडेल आणि सुंठीचा काढा. ॲलोपथीत फक्त दाबून टाकतात.

पूर्वभाग

काका, अम्मानं एरंडेल बारा वर्षं घेतलं. पोट साफ राहिलं.

माणिकचौकची

मला लिहायलाच हवं, कारण मी दुसऱ्या बाजूची. मला ल्युपस आहे, हाही प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार. आमवात तीन बायकांमागे एका पुरुषाला होतो, ल्युपस नऊ बायकांमागे एकाला. आणि गरोदरपणात तो आमवातासारखा शहाण्यासारखा वागत नाही, उसळू शकतो.

२४ व्या वर्षी एका डॉक्टरांनी, नाव घेत नाही, सांगितलं की मूल विसरा. तीन वर्षांनी दुसऱ्यांनी सांगितलं की होऊ द्या, पण सगळ्या गोळ्या आजपासून बंद. बंद केल्या. दोन महिन्यांत तोंडावर चट्टे, पायाला सूज, लघवीतून प्रथिनं. मूत्रपिंडावर आलं होतं. ते सावरायला वर्ष गेलं. तिसरीकडे गेले तेव्हा कळलं की हायड्रॉक्सिक्लोरोक्विन थांबवायचंच नसतं, गरोदरपणातही चालू ठेवायचं. आणि रोग निदान सहा महिने शांत असावा, मग पाऊल उचलायचं.

माझ्या रक्तात अँटी-रो निघालं. ही आईची अँटिबॉडी वारेतून बाळाकडे जाते आणि क्वचित बाळाच्या हृदयाची वीज तोडते, ठोके अर्ध्यावर येतात. शंभरात एक किंवा दोन बाळांना. ऐकायला कमी वाटतं, पण सोळाव्या आठवड्यापासून दर काही दिवसांनी बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी करायला जाताना मला तो आकडा शंभरात पन्नास वाटायचा. सव्विसावा आठवडा उलटल्यावर झोपले. मुलीला जन्मतः कपाळावर गोल चट्टे होते, सात महिन्यांत गेले. माझी अँटिबॉडी तिच्या रक्तातून संपली तसे. आता ती दुसरीत आहे आणि गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यातून उतरायलाच तयार नसते.

भाचीला एवढंच सांगा: गोळ्या स्वतः बंद करायच्या नाहीत आणि घरच्यांच्या सांगण्यावरून तर नाहीच.

सूक्ष्मदर्शी

माणिकचौकची यांच्या शेवटच्या वाक्याला माझी सही. फक्त भाचीच्या बाबतीत एक फरक. मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक आहे, ते *थांबवावंच लागतं*, पण दिवस राहायच्या आधी, ठरवून, आणि त्याच्या जागी दुसरं सुरू करून. सल्फासालाझिन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालतात. प्रेडनिसोलोन कमी मात्रेत चालतं, कारण वार त्याचा बराचसा भाग बाळाकडे जाऊ देण्याआधी निकामी करते. डेक्सामेथासोन मात्र तशीच पलीकडे जाते, आणि हेच कारण की बाळावर उपचार करायचे असतात तेव्हा ती वापरतात. जैविक औषधांपैकी सर्टोलिझुमॅबला अँटिबॉडीची 'शेपटी' नसते. वारेतला दरवाजा ती शेपटी धरूनच अँटिबॉडी आत ओढतो, त्यामुळे हे औषध जवळजवळ पलीकडे जातच नाही. माणिकचौकची यांचं अँटी-रो गेलं ते याच दरवाजातून. आणि बाळाला पहिले काही महिने आईकडून मिळणारं संरक्षणही त्याच दरवाजातून येतं. दार एकच, आत कोण येतंय ते त्याला कळत नाही.

यातलं काय घ्यायचं ते तिच्या डॉक्टरांनी ठरवायचं. मी धाग्यावर चिठ्ठी लिहीत नाही.

निवांत

अवांतर: आईच्या मेंदूत मुलाच्या पेशी म्हणजे गर्भसंस्काराला शास्त्रीय आधार मिळाला म्हणायचा का?

सूक्ष्मदर्शी

नाही. तिथे त्या काय करतात हेच अजून कुणाला नीट माहीत नाही. नेल्सन यांचीच भूमिका बघा. स्क्लेरोडर्मात या पेशी आरोपी वाटल्या. २०१० मध्ये त्यांच्या गटानं दाखवलं की मूल झालेल्या बायकांना आमवात होण्याचा धोका काही वर्षं कमी असतो आणि मग ते संरक्षण विरत जातं, जणू लसच. म्हणजे तिथे त्या रक्षक वाटल्या. त्या बाईंनी एकदा पकडलेली बाजू पुरावा आला तशी सोडली, याचं मला जास्त कौतुक आहे.

कडकभाकरी

अवांतराला अवांतर: पुण्याला जाताना भिगवण लागतं ना, मासे खायचं? १९९६ साली तिथे घरोघर फिरून सांधेदुखीची मोजणी झाली होती, पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकारानं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनं. आमवात प्रौढांत दोनशेत साधारण एकाला निघाला. म्हणजे तुमच्या पूर्व भागात, बिड्या वळणाऱ्या बायकांत, किती अम्मा असतील हिशेब कर. हिशेबनीस आहेस की.

पूर्वभाग

केला. मांडून झाल्यावर वही मिटली.

काल नंदूकडे गेलो होतो. सूक्ष्मदर्शी यांनी सांगितलं तसं जपून बोललो. एचएलएबद्दल अर्धंच सांगितलं, उपचार न मिळण्याबद्दल पूर्ण. अम्माला पहिलं खरं औषध मिळालं तेव्हा मी नोकरीला लागलो होतो, हे आमचं घर कधी बोलत नाही. तो ऐकत होता. मधेच म्हणाला, "मग त्या पेशी, त्या अजून असतील तिच्यात? माझ्या?" म्हटलं, असू शकतात. तुझ्या, माझ्या, अक्काच्या. तो म्हणाला, "तुझ्या जास्त असतील. तू आधीचा." चाळीशीतला माणूस, भांडायला कारण शोधत होता. मी म्हटलं मोजलं नाही अजून कुणी.

अम्माला विचारलं की नंदूच्या वेळी तिला काय वाटायचं. ती म्हणाली, त्या वर्षी पानं फार कडक यायची.

भाचीची वेळ शुक्रवारची मिळाली आहे. अक्काचं म्हणणं अजून तेच, आधी पोर मग गोळ्या, पण आडवी येत नाही. हुतात्मा एक्स्प्रेसची तिकिटं काढली आहेत. सोबत नंदू जातोय.